दुसऱ्यांदा विचारणारी सिस्टर



१९९१ सालच्या हिवाळ्यातली रात्र. मी इथल्या एका रुग्णालयात रजिस्ट्रार होतो. सत्तरीच्या एका मराठी आजींना त्यांचा मुलगा घेऊन आला. जीपीच्या चिठ्ठीत लिहिले होते, ॲसिडिटी. आजी म्हणाल्या, “एकादशीची खिचडी बाधली बघ बाळा, छातीत जळजळतंय.” त्यांची भाषा कळणारा तिथे मी एकटाच, त्यामुळे आपल्याला सगळे उमगले असे मी धरून चाललो. सिस्टरने विचारले, ईसीजी काढू का? मी नको म्हटले. चाळीस मिनिटांनी ती परत आली. आजींना दरदरून घाम सुटला होता. ईसीजीत झटका स्पष्ट दिसत होता. आजी वाचल्या, पण हृदयाचा काही भाग कायमचा दुबळा झाला.

आजींना मधुमेह होता. मधुमेही रुग्णाला झटका आला तरी छातीत ठरावीक कळ येतेच असे नाही, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत होतो. म्हणजे ज्ञान कमी पडले नव्हते. चिठ्ठीतला पहिला शब्द मनात रुतून बसला आणि पुढचे सगळे त्याच्याभोवती फिरले. ट्व्हर्स्की आणि काह्नमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली याला ‘अँकरिंग’ म्हटले, नांगर पडणे. त्यात ‘आपल्या माणसाचे आपल्यालाच कळते’ ही माझी फुशारकी. सिस्टरला मराठी येत नव्हते, म्हणून तिने नुसता रुग्ण पाहिला.

एक खेळ घरी करून पाहा. २, ४, ६ हे आकडे एका नियमात बसतात. समोरच्याने तो नियम ओळखायचा. त्यासाठी तो हवे ते तीन आकडे सुचवील आणि तुम्ही फक्त ‘बसतात’ किंवा ‘बसत नाहीत’ सांगायचे. बहुतेक जण ८, १०, १२ विचारतात, मग २०, २२, २४, आणि विजयाने सांगतात, “दोन-दोनने वाढणारे!” खरा नियम एवढाच, की प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा हवा. १, ७, ५० सुद्धा चालले असते. पण आपले म्हणणे खोटे ठरवू शकेल असा प्रश्न फार थोडे विचारतात. लंडनच्या पीटर वेसन यांनी हा प्रयोग १९६० साली प्रसिद्ध केला. माझ्या नातवंडांनी मला यात हरवले आहे.

चार डोकी एकत्र आली की चूक पकडली जाईल असे वाटते. नेहमी तसे होत नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफच्या विमानतळावर धुके होते. केएलएमचे विमान परवानगीशिवायच धावपट्टीवरून सुटले. पॅन ॲमचे विमान अजून बाजूला झालेले नाही का, असे फ्लाइट इंजिनिअरने विचारले. कॅप्टन कंपनीतले नावाजलेले प्रशिक्षक. ते ठामपणे झाले आहे म्हणाले. इंजिनिअरने पुन्हा विचारले नाही. ५८३ माणसे गेली. अशा अपघातांनंतर वैमानिकांना, हाताखालच्याने हरकत कशी घ्यावी आणि वरच्याने ती कशी ऐकावी, याचे रीतसर शिक्षण देऊ लागले. शस्त्रक्रियागृहात ते उशिरा आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ सालच्या तपासणी यादीत, चीर देण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे असते. एकदा तोंड उघडलेला माणूस दुसऱ्यांदा सहज बोलतो.

आपल्या बैठकांत सगळ्यात ज्येष्ठ (म्हणजे हल्ली मीच) आधी बोलतो, आणि मग माना डोलतात. म्हणून आमच्या समितीत मी एक सुचवले: चर्चेआधी प्रत्येकाने आपले मत चिठ्ठीवर लिहावे, आणि ज्येष्ठांनी शेवटी बोलावे. पहिल्याच वेळी नऊपैकी चार चिठ्ठ्या माझ्याविरुद्ध निघाल्या. त्यातली एक माझ्या सौभाग्यवतींची होती.