परमुलखातले घर

आपण कोकणातली माणसे पूर्वी पोटासाठी मुंबईला जात होतो. आता दुबईलाही जातो.

तिथे एका खोलीत बरेच जण राहतात. कोणी केरळचा, कोणी नेपाळचा. स्वयंपाकाच्या व झाडलोटीच्या पाळ्या आधीच लावून घेऊ, म्हणजे तंटा नको. तिथले घड्याळ दीड तास मागे. आपल्याकडे रात्रीचे ९:३०, तेव्हा तिथे ८. घरी फोन करताना हे ध्यानात ठेवू.

ऊन फार कडक. म्हणून १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२:३० ते ३ उन्हात काम करवून घ्यायला तिथे बंदी आहे.

पासपोर्ट आपल्याच जवळ ठेवू. मालकाने तो अडकवून ठेवणे तिथल्या कायद्यात बसत नाही.

आता मुख्य गोष्ट. पगार किती, काम किती तास, सुट्टी केव्हा, हे नोकरीच्या कागदावर असते. तो कागद हिंदीतही मागता येतो. हिंदीची अक्षरे आपलीच की! तेव्हा एजंट घाई करील, तरी आपण आधी वाचू, मग सही करू. एक नक्कल घरी ठेवून जाऊ.