एकाच नावाची गावे : ओळख आणि नोंद

महाराष्ट्रातील अनेक गावांची नावे झाडांवरून, पाण्यावरून अथवा दैवतांवरून पडली आहेत. वडावरून वडगाव, पिंपळावरून पिंपळगाव, बोरीवरून बोरगाव. ही झाडे राज्यभर आढळतात, त्यामुळे ही नावेही राज्यभर आढळावीत यात नवल नाही. मात्र जमिनीचा उतारा, जन्ममृत्यूची नोंद, अतिवृष्टीच्या मदतीची यादी यांत एका गावाऐवजी दुसऱ्याच गावाची नोंद झाली, तर त्याची झळ थेट एखाद्या कुटुंबाला पोहोचते. म्हणून समान नावाच्या गावांची अचूक ओळख हा गावकारभाराचा एक महत्त्वाचा भाग होय.

जोडनावांचा अर्थ

ही अडचण नवी नाही. जुन्या महसूल व्यवस्थेने तिच्यावर जोडनावांचा उपाय योजला होता. ‘बुद्रुक’ हा शब्द फारसीतील ‘बुजुर्ग’ म्हणजे थोर, मोठा यावरून आला. ‘खुर्द’ म्हणजे लहान. मूळ गाव आणि त्यातून फुटून निघालेले गाव असा भेद यातून दाखविला जाई. आज खुर्दची वस्ती बुद्रुकपेक्षा मोठी असू शकते. पण म्हणून नाव बदलत नाही. बाजारपेठेच्या ठिकाणास ‘कसबा’ व साध्या शेतकरी गावास ‘मौजे’ म्हणत. कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातील कसबा सांगाव व मौजे सांगाव ही याची परिचित उदाहरणे होत.

काही ठिकाणी घराण्याचे नाव जोडले गेले. मावळातील तळेगाव दाभाडे आणि शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे ही एकाच जिल्ह्यातील दोन गावे अशा आडनावांनीच वेगळी ओळखली जातात. जुन्नर तालुक्यात तर शिरोली बुद्रुक, शिरोली खुर्द, शिरोली तर्फे आळे आणि शिरोली तर्फे कुकडनेर अशी चार गावे आहेत. ‘तर्फ’ हा जुना महसुली विभाग असून, कुकडनेर म्हणजे कुकडी नदीचे खोरे होय. पंचगंगेवरील पुलाजवळची शिरोली ‘पुलाची शिरोली’ झाली. विदर्भात ‘रिठी’ हे जोडनाव वस्ती उठून गेलेल्या गावास लागते. तेथे घरे नसली तरी जमिनीचे अभिलेख स्वतंत्र असतात.

तालुक्यांचीही तीच स्थिती

केवळ तालुक्याचे नाव लिहिल्यानेही शंका फिटत नाही. खेड हा तालुका पुणे जिल्ह्यात आहे, तसाच रत्नागिरी जिल्ह्यातही आहे. कर्जत रायगड व अहिल्यानगर या दोन्ही जिल्ह्यांत आहे; कळंब धाराशिव व यवतमाळमध्ये, तर मालेगाव नाशिक व वाशीममध्ये आहे. जुने कागद वाचताना तर अधिक दक्षता हवी. वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या कागदांत आजच्या वाशीममधील मालेगाव अकोला जिल्ह्यात दाखविलेले असते. उस्मानाबादचे धाराशिव हे नामांतर २०२३ मध्ये, तर अहमदनगरचे अहिल्यानगर हे नामांतर २०२४ मध्ये झाले. म्हणून कागदाची तारीख पाहिल्याखेरीज जिल्ह्याचा निष्कर्ष काढू नये.

ओळख पटविण्याचा क्रम

प्रथम, गावाचे पूर्ण नाव जोडनावासह पाहावे. ‘बु.’ आणि ‘खु.’ ही संक्षिप्त रूपे घाईच्या हस्ताक्षरात एकमेकांसारखी दिसतात. शक्य तेथे हे शब्द पूर्ण लिहावेत.

दुसरे, तालुका व जिल्हा कागदाच्या तारखेनुसार तपासावेत.

तिसरे, शिवेची गावे विचारावीत. नावे सारखी असली तरी दोन गावांच्या चारही शिवांना लागणारी गावे एकच असणे संभवत नाही. अशिक्षित वृद्धालाही ही माहिती तोंडपाठ असते. ओळखीची ही सर्वांत सोपी खूण होय.

चौथे, सांकेतिक क्रमांक जुळवावा. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक महसुली गावास सहा अंकी क्रमांक देण्यात आला. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतही गावांना स्वतंत्र क्रमांक आहेत. १९७२ पासून वापरात असलेला पिनकोडही सहा अंकीच आहे. परंतु तो गावाचा नसून टपाल वितरणाचा क्रमांक आहे. अनेक गावांचा पिनकोड एकच असतो, म्हणून तो गावाची ओळख ठरू शकत नाही.

गट क्रमांकाचा धोका

गट क्रमांक प्रत्येक गावात एकपासून सुरू होतात. त्यामुळे बुद्रुकमध्ये जसा गट क्रमांक ११२ असेल, तसाच तो खुर्दमध्येही असू शकतो. अर्जात गावाचे जोडनाव गळले आणि गट क्रमांक मात्र बरोबर असला, तर तो अर्ज वरवर निर्दोष दिसतो. आणि एकाचा बोजा दुसऱ्याच्या जमिनीवर चढण्याचा संभव निर्माण होतो. अशी चूक होण्यास एक शब्द पुरतो. ती दुरुस्त करून घेताना मात्र शेतकऱ्यास कामधंदा सोडून हेलपाटे घालावे लागतात.

ग्रामपंचायतीने आपल्या शिक्क्यावर, फलकावर व दाखल्यांवर गावाचे पूर्ण नाव, तालुका, जिल्हा आणि क्रमांक ठेवावा. शाळेतील दाखलखारिज नोंदवहीत जन्मगाव लिहिताना शिक्षकांनी जोडनाव आवर्जून विचारावे, कारण पुढे जातीच्या व रहिवासाच्या दाखल्यांसाठी तीच नोंद पाहिली जाते. मुलांनाही आपला पूर्ण पत्ता पाठ असावा. रात्री रुग्णवाहिका बोलाविण्याची वेळ आली, तर नुसते ‘वडगाव’ सांगून भागणार नाही.