बुडखा हलत नाही तेव्हा

इंदूरच्या बडा गणपतीहून विमानतळाच्या रस्त्याने पुढे गेले की हातोद, देपालपूरकडची काळी जमीन लागते. गहू निघाल्यावर आणि सोयाबीन पेरण्याआधी बांधावरचे बाभळीचे, कडुनिंबाचे बुडखे काढायला हाच काळ सोयीचा वाटतो. पण उन्हाने दगड झालेल्या मातीने तेव्हा मुळे आवळून धरलेली असतात. म्हणून माझे म्हणणे ठाम आहे: मोकळा झालेला बुडखा ओढून नेणे हे ट्रॅक्टरचे काम, तो जमिनीतून उपटणे नव्हे. आधी चहूबाजूंनी खणावे, आडवी मुळे तोडावीत, मगच साखळी लावावी.

बुडखा हलला नाही आणि मागची चाके जमिनीला धरून राहिली, तरी इंजिनाचा जोर थांबत नाही. तो ट्रॅक्टरचे धडच मागच्या आसाभोवती फिरवतो. पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर उलार होतो. साधारण पाऊण सेकंदात तो सावरण्यापलीकडे जातो, दीड सेकंदात चालकावर उताणा पडतो. पाय क्लचवर जाईपर्यंत वेळ संपलेली असते. साखळी टॉपलिंकला किंवा आसाला बांधली तर हे आणखी सहज घडते, कारण ओढ जितकी उंचावरून, तितका उलटण्याचा जोर अधिक. ती खालच्या ड्रॉबारलाच हवी.

यावर लोक म्हणतात, पहिल्या गिअरमध्ये हळू घेतले की झाले. खरे तर खालच्या गिअरमध्येच चाकांवर सर्वांत जास्त पीळ येतो. वेग कमी म्हणजे धोका कमी, हे इथे लागू नाही. कोणी म्हणतो, बॉनेटवर दोन माणसे बसवू. दोन टनांच्या आसपासच्या यंत्रापुढे त्यांचे वजन ते किती, आणि उलटला तर तीही सापडायची. आजोबांच्या काळी बैलांनी बुडखे निघत, हा दाखला मला महत्त्वाचा वाटतो: बैल अडले की थांबतात, इंजिन थांबत नाही. जेसीबीला पैसे पडतात, हे खरे. पण भाडे तासावर असते आणि खणून, मुळे तोडून बुडखा उचलणे हे त्याच्या बकेटचेच काम. घाई नसेल तर बुडखा जमिनीलगत कापून मातीने झाकावा. तो हळूहळू कुजत जातो.

स्वीडनने 1959 मध्ये नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक चौकट सक्तीची केली आणि उलटून होणारे मृत्यू पुढे झपाट्याने घटले. आपल्याकडे बहुतेक ट्रॅक्टर अजून तिच्याविना चालतात. जिथे ती आहे, तिथे पट्टाही बांधलाच पाहिजे, नाहीतर माणूस चौकटीबाहेर फेकला जातो.

नायलॉनचा दोर तर नकोच. तो ताणात शक्ती साठवतो, आणि तुटला की हुकासकट मागे येतो. साखळीतही ढील ठेवून हिसका देऊ नये. ती ताणली जाण्याआधी पाहायला जमलेल्या सगळ्यांना, मुलांना तर आधी, साखळीच्या लांबीहून पुष्कळ दूर, ओढीच्या रेषेबाहेर उभे करावे.