पीळ आणि बीजगणित

कागदाची लांब पट्टी अर्धा पीळ देऊन टोकाशी टोक चिकटवली की मोबियस पट्टी तयार होते. तिच्या मध्यवर्तुळाच्या प्रत्येक बिंदूवर एकेक रेषा उभी आहे, अशी कल्पना आपण करू. बिंदूगणिक उभ्या असलेल्या व शेजाऱ्यांशी सलग जुळणाऱ्या अशा सदिश अवकाशांच्या रचनेस व्हेक्टर बंडल म्हणतात.

प्रत्येक रेषेवर, कोठेही उडी न घेता, एकेक बिंदू निवडत गेलो की एक संतत फलन मिळते. पिळामुळे एका फेऱ्यानंतर त्याचे चिन्ह मात्र बदलते. अशा फलनांची बेरीज तशीच असते. वर्तुळावरील साध्या फलनाने, म्हणजे फेऱ्यानंतर मूळ किमतीस परतणाऱ्या फलनाने, गुणले तरी तो गुण टिकतो. हे साध्या फलनांच्या वलयावरील मॉड्यूल झाले. ते मुक्त आहे काय? रेषा एकमितीय, तेव्हा एकाच फलनाच्या पटीत बाकी सारी मांडता यावयास हवीत. पण चिन्ह बदलणारे फलन वाटेत कोठेतरी शून्य होणारच, आणि त्याच्या सर्व पटीही तेथे शून्य होतील. मॉड्यूलात तर तेथे शून्य नसलेली फलनेही आहेत. म्हणून ते मुक्त नाही. साध्या मध्यमूल्य प्रमेयाने एवढे काम व्हावे, याचे आम्हांस आजही नवल वाटते.

अशी दोन मॉड्यूले एकत्र घेतली की पीळ नाहीसा होतो. अर्ध्या कोनाचे साइन व कोसाइनही फेऱ्यानंतर चिन्ह बदलतात. त्यांच्या साहाय्याने दोन पिळलेल्या फलनांची दोन साधी फलने करता येतात, आणि उलटही. मुक्त मॉड्यूलाचा असा सरळ घटक म्हणजे प्रोजेक्टिव्ह मॉड्यूल. कॉम्पॅक्ट हाउसडॉर्फ अवकाशावरील व्हेक्टर बंडले आणि त्याच्या संतत फलनांच्या वलयावरील सांत जनकांची प्रोजेक्टिव्ह मॉड्यूले एकास एक जुळतात, हे रिचर्ड स्वान यांनी १९६२ साली प्रसिद्ध केले.

बैजिक भूमितीत हा मेळ झाँ-पिएर सेर यांनी १९५५ मध्येच घातला होता. त्यातून एक प्रश्न उरला: क्षेत्रावरील बहुपदींच्या वलयावर असे प्रत्येक मॉड्यूल मुक्तच असते काय? एका चलासाठी उत्तर सोपे. दोन चलांसाठी ते १९५८ मध्ये सी. एस. शेषाद्री यांनी दिले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेले हे गणिती. कितीही चलांसाठी 'होय' हे उत्तर मिळण्यास १९७६ साल उजाडले, आणि ते क्विलेन व सुसलिन यांनी स्वतंत्रपणे दिले. वलय बदलले की मात्र उत्तर फिरते: गोलपृष्ठावरील वास्तव बहुपदींच्या वलयावर स्पर्शसदिशांचे मॉड्यूल प्रोजेक्टिव्ह आहे, मुक्त नाही.