पोलिसांच्या छातीवरील पदक

शाळेच्या वार्षिक बक्षीस-समारंभांत ज्या विद्यार्थ्याच्या छातीवर पदक लावलें जातें, त्याच्याकडे आम्ही सारे कौतुकानें पाहतों. परंतु पदकाचें मोल चांदीच्या वजनावर ठरत नाहीं. तें कोणीं दिलें व कशाबद्दल दिलें, यावर ठरतें. हे दोन प्रश्न मनांत ठेवून आपल्या देशाच्या पोलीस दलास मिळालेल्या पदकांचा इतिहास पाहिला, म्हणजे तो केवळ धातूंचा व फितींचा इतिहास राहत नाहीं. शिपाई कोणाचा, राजाचा कीं लोकांचा, या प्रश्नाचाच तो इतिहास होतो.

रणांगणावर लढणाऱ्या सैनिकासाठीं शौर्यपदकें पुष्कळ आधीं निघालीं होतीं. रस्त्यावर पहारा करणाऱ्या शिपायासाठीं मात्र सबंध ब्रिटिश साम्राज्यांत चालेल असें स्वतंत्र पदक नव्हतें. ही उणीव सन १९०९ च्या जुलै महिन्यांत दूर झाली. बादशहा सातवे एडवर्ड यांनीं त्या वेळीं 'किंग्ज पोलीस मेडल' स्थापन केलें. हें पदक चांदीचें असून पोलीस व आगीचा बंब चालविणारे जवान या दोघांसाठीं होतें. वर्षाकाठीं १२० हून अधिक पदकें द्यावयाचीं नाहींत असा मूळ नियम होता; त्यांपैकीं ५० हिंदुस्थानच्या वांट्याचीं होतीं. पदकाच्या मागील बाजूस ढाल व तलवार धारण केलेला एक पहारेकरी आणि त्याच्या पाठीशीं तटबंदीचें नगर दाखविलें होतें. 'माझ्या प्रजेच्या रक्षणार्थ' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द त्या ढालीवर कोरलेले होते.

पदक कोणास द्यावें, याचे नियम अभ्यास करण्याजोगे आहेत. पहिला मान शौर्याचा. कोणाचा जीव किंवा मालमत्ता वांचवितांना, गुन्हा होऊं न देतांना अथवा गुन्हेगारास पकडतांना जो ठळक शौर्य दाखवील, तो पदकास पात्र. परंतु पत्करलेला धोका मोजतांना त्या माणसाचें नेमलेलें कर्तव्य कोणतें, हेंही पाहावयाचें होतें. चोर पकडणें हें शिपायाचें कामच आहे. त्या कामाच्या मर्यादेपलीकडे जाऊन त्यानें काय केलें, हा खरा प्रश्न. ही कसोटी आम्हांस फार न्याय्य वाटते.

दुसरा मान विशेष सेवेचा. तपासांतील असामान्य कौशल्य, दलाची उत्तम उभारणी, मोठ्या दंग्याचा वा आगीचा बंदोबस्त, या गोष्टी त्यांत येत. पण त्याच यादींत 'मोलाची राजकीय व गुप्त सेवा' हेंही एक कलम होतें. येथें विचारी वाचक थबकल्याशिवाय राहणार नाहीं. जळत्या घरांतून मूल बाहेर काढणारा व देशभक्तांच्या हालचालींवर पाळत ठेवणारा, या दोघांच्याही छातीवर तेंच पदक झळकूं शके. ढालीवरील 'प्रजे'चें रक्षण करावयाचें खरें. पण तीच प्रजा आपलें राज्य मागूं लागली, तर शिपायानें रक्षण कोणाचें करावें? या प्रश्नास पदकाजवळ उत्तर नव्हतें.

सन १९३२ त खास हिंदुस्थानासाठीं 'इंडियन पोलीस मेडल' हें कांस्याचें पदक निघालें. तें वर्षास २०० पर्यंत देतां येई. त्याच वर्षीं देशभर सविनय कायदेभंगाची चळवळ चालू होती व तुरुंग सत्याग्रह्यांनीं भरले होते, हें येथें स्मरणांत ठेवावें. दुसऱ्याच वर्षीं राजाच्या पदकांत एक सुधारणा झाली. शौर्याबद्दल मिळालेल्या पदकाच्या फितीवर तांबड्या रेघा आल्या. त्यामुळें शौर्य कोणतें व सेवा कोणती, हें लांबूनही ओळखूं येऊं लागलें.

सन १९५० त भारत प्रजासत्ताक झाला. राजाच्या नांवाचीं पदकें मागें पडलीं आणि १ मार्च १९५१ रोजीं राष्ट्रपतींचें पोलीस व अग्निशमन सेवा पदक आणि पोलीस पदक, अशीं दोन पदकें स्थापन झालीं. पहिलें चांदीचें, दुसरें कांस्याचें. शौर्य व सेवा हा जुना भेद कायम राहिला; परंतु पदक देणारा हात बदलला. आतां तो लोकांनीं निवडलेल्या राष्ट्रप्रमुखाचा होता. मानकऱ्यानें भ्याडपणा वा बेइमानी केली, किंवा दलास काळिमा लागेल असें वर्तन केलें, तर दिलेलें पदक परत घेण्याची तरतूदही नियमांत होती. अलीकडे, सन २०२४ च्या प्रजासत्ताकदिनापासून, पोलीस, अग्निशमन, गृहरक्षक व नागरी संरक्षण आणि कारागृह या सेवांच्या १६ निरनिराळ्या पदकांचें एकीकरण होऊन चारच पदकें राहिलीं. दोन शौर्याचीं व दोन सेवेचीं.

याखेरीज सन १९५२ त स्थापन झालेलें अशोक चक्र हें रणांगणाबाहेरील शौर्याचें सर्वोच्च पदक पोलिसांसही मिळूं शकतें. त्याचें उदाहरण महाराष्ट्रास दूर शोधावें लागत नाहीं. सातारा जिल्ह्यांतील केडंबे गांवचे तुकाराम ओंबळे हे मुंबई पोलीस दलांत सहायक उपनिरीक्षक होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्रीं गिरगांव चौपाटीवर हल्लेखोरांची मोटार अडविली गेली, तेव्हां त्यांच्या हातीं केवळ लाठी होती. समोरच्या बंदुकीची नळी त्यांनीं दोन्ही हातांनीं धरली व गोळ्या अंगावर झेलल्या. पण पकड सोडली नाहीं. त्यामुळें सोबत्यांस तो हल्लेखोर जिवंत पकडतां आला. सन २००९ च्या प्रजासत्ताकदिनीं ओंबळे यांस मरणोत्तर अशोक चक्र देण्यांत आलें. मोटार अडविणें हें त्यांचें नेमलेलें काम होतें. बंदुकीची नळी आपल्या देहाकडे ओढून धरण्याची आज्ञा त्यांस कोणींही दिली नव्हती. शंभर वर्षांपूर्वींची ती जुनी कसोटी येथें पूर्णपणें उतरते. आणि ढालीवरील जुन्या शब्दांस जो अर्थ राजाच्या काळीं लाभला नव्हता, तोही येथें लाभतो. कारण ज्यांचें रक्षण झालें ते कोणाची प्रजा नव्हते, स्वतंत्र देशाचे नागरिक होते.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्यापैकीं कित्येकांस पुढेंमागें एखादें पदक मिळेल. तें हातीं येतांच त्याचा धातू पाहूं नये. पदक उलटून त्याच्या मागें काय लिहिलें आहे, तें वाचावें, आणि तें आपल्यास खरोखर लागू पडतें कीं नाहीं, हें आपल्या मनास विचारावें.