पीडितेची कहाणी आणि जनजागरण

आकडेवारी ऐकून माणूस मान डोलावतो. कहाणी ऐकून हलतो. म्हणून पथनाट्य असो वा भित्तिपत्रक, आपण पीडितेची कहाणी शोधतो. ती वापरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न मात्र मागे राहतो. विदर्भातील एक खटला या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

२६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात (तेव्हाचा चंद्रपूर, आजचा गडचिरोली जिल्हा) एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. सत्र न्यायालयाने १९७४ साली त्यांना सोडले, नागपूर खंडपीठाने १९७६ साली शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पुन्हा निर्दोष ठरविले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, असा त्यामागील तर्क होता. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. भीतीपोटी निमूट राहणे ही संमती कशी, हा त्यातला कळीचा मुद्दा. १९८० साली स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला.

कायद्याच्या ग्रंथांत हा खटला आरोपीच्या नावाने आहे: तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. लोकांच्या तोंडी मात्र मुलीचेच नाव बसले. गंमत अशी (तिला गंमत म्हणवत नाही), की १९८३ च्याच दुरुस्तीने पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरविले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये ती तरतूद आजही आहे. प्रस्तुत लेखातही ते नाव घेतलेले नाही.

नाव बदलले की काम भागले, अशी आपली समजूत असते. कायदा नावापाशी थांबत नाही. ओळख पटेल अशी कोणतीही बाब तो निषिद्ध मानतो. वसमत तालुक्यातील एखाद्या गावात वस्ती, बापाचा धंदा आणि ‘गेल्या पोळ्याच्या सुमारास’ एवढे म्हटले, तर पारावरचा म्हातारासुद्धा घर दाखवील.

सज्ञान पीडितेच्या लेखी संमतीने नाव देता येते. पण जिने वसतिगृहात जागा मिळवून दिली, त्याच ताईंनी कहाणी मागितली तर मुलगी नाही कसे म्हणेल? खुल्या पत्रातला निमूटपणाचा प्रश्न येथे आपल्यालाच लागू होतो. तेव्हा विचारणारी व्यक्ती वेगळी हवी, संहिता तिला आधी वाचून दाखवावी, आणि प्रयोगाच्या सकाळीही नकार देता येईल हे स्पष्ट सांगावे.