घशाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतरचा व्रण : उपद्रवांची कारणे व वैद्याचे कर्तव्य

माधवनगर परिसरातील घशाच्या कर्करोगाचा रुग्ण शस्त्रक्रियेसाठी सांगली-मिरजेस वा मुंबईस जातो. परंतु घरी परतल्यावर पहिला सल्ला बहुधा गावातील वैद्याचा अथवा औषध विक्रेत्याचाच घेतो. म्हणून हा विषय आपणांस ज्ञात असणे अगत्याचे आहे.

संप्राप्ती : स्वरयंत्र काढल्यावर घशाची भित्ती शिवली जाते. ही शिवण न जुळल्यास लाळ मानेत झिरपून त्वचेतून बाहेर पडते व नाडीव्रण होतो. तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत प्रकट होतो. लाळेने व पुवाने मानेतील मोठी धमनी झिजल्यास प्राणघातक रक्तस्राव संभवतो.

कारणे : कुष्ठी, विषजुष्ट, शोषी व मधुमेही यांचे व्रण, तसेच व्रणावर झालेला व्रण कष्टसाध्य, असे सुश्रुताचार्य सूत्रस्थानाच्या २३व्या अध्यायात सांगतात. किरणोपचार त्या काळी नव्हते. तथापि किरणांनी सूक्ष्म रक्तवाहिन्या आटलेल्या जागी केलेला छेद पाहता हे वचन आठवल्यावाचून राहत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात पूर्वीचे किरणोपचार, आधी झालेली श्वासनलिका-छेदन शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रियेनंतर १२.५ ग्रॅमहून कमी हिमोग्लोबिन ही कारणे ठळक आढळली. याखेरीज कुपोषण (अल्ब्युमिन ३.५ ग्रॅमहून कमी), अनियंत्रित मधुमेह, तंबाखूसेवन आणि किरणोपचारानंतर मंदावलेली थायरॉईड ग्रंथी यांकडेही लक्ष हवे. थायरॉईडची न्यूनता साध्या रक्ततपासणीने कळते व औषधाने सुधारते.

शस्त्रक्रियेपूर्वी : तंबाखू, विडी, मिश्री शक्यतो चार आठवडे आधी पूर्ण बंद करावी. चालू असलेल्या सर्व औषधांची, आपल्या कल्पांसह, लेखी यादी शल्यचिकित्सकास द्यावी. मात्र बलवर्धनाच्या नावाखाली शस्त्रक्रिया लांबवू नये. अर्बुद थांबून राहत नाही.

शस्त्रक्रियेनंतर : शल्यचिकित्सकाच्या अनुमतीविना कवल, गंडूष, नस्य योजू नये. मानेच्या व्रणावर तेल, घृत, लेप लावू नये. नळीतून आहार चालू असता 'घोटभर पेज' देण्याचा सल्लाही देऊ नये. लाली, सूज, ताप, दुर्गंध अथवा पट्टीवर लाळेसारखा स्राव दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. रक्ताचे चार थेंब दिसले तरी क्षणाचाही विलंब नको. ती मोठ्या रक्तस्रावाची पूर्वसूचना असू शकते.

औषध विक्रेत्यांनीही अशा रुग्णास मलम देऊन परत पाठवू नये. येथे आपले श्रेष्ठ औषध म्हणजे वेळीच ओळखलेले लक्षण होय.